साक्ष दिली, सात महिन्यांनी परत प्यायला, मग विश्वासाचं काय?

ताई, सलाम.

तुमचं सगळं दोनदा वाचलं. दुसऱ्या कोणी हे वाचलं तर संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. भाऊ ३४ वर्षांचा, बारा वर्षं दारू. फेब्रुवारीत एका मोठ्या प्रार्थना सभेत पुढे गेला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्याच रात्री घरी येऊन डॉक्टरांच्या गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली, पुढच्याच रविवारी चर्चमध्ये माईक हातात घेऊन साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, टाळ्या झाल्या, मग सात महिने थेंब नाही. आणि वडिलांच्या स्मरणदिनाला कबरीवर फुलं वाहून आल्यावर संध्याकाळी जो गायब झाला तो रात्री दोन वाजता दोघांनी धरून आणला. तेव्हापासून रोज चालू. मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले लोक, म्हणतात विश्वास कमी पडला, भाऊ म्हणतो देवानेच मला सोडलं, आणि तुम्ही विचारताय की ख्रिस्ताच्या विश्वासाने दारू खरंच सुटते का, का ते सात महिने नुसता भास होता, आणि बाप लहानपणी पट्ट्याने मारायचा त्याचा ह्याच्याशी काही संबंध आहे का. शेवटी एक ओळ अशीही टाकलीय की येत्या शुक्रवारपासून घरात कोंडून तीन दिवस उपास-प्रार्थना ठेवायची ठरवलीय.

त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, बाकीचं नंतर. हे करू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद करून, जेवण बंद करून, खोलीत ठेवणं ह्यात माणूस जाऊ शकतो, आणि मी हे घाबरवायला लिहीत नाहीये. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम, उलटी, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही लोकांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, बीपी वर जातं, आणि ह्या अवस्थेत उपचार नसले तर मृत्यूही होतो. आणि आपल्या लोकांचा घोळ असा होतो की नेमकं ह्याच वेळेला घरातले म्हणतात बघा, दुष्टात्मा बोलतोय, आणि प्रार्थनेचा आवाज वाढवतात. तो दुष्टात्मा नसतो ताई, बारा वर्षं दारूवर चाललेला मेंदू असतो जो एकदम ब्रेक लावल्यावर उलटलाय. ह्याला दवाखाना लागतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी-कमी करत नेणाऱ्या गोळ्या लागतात, आणि बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन लागतं, तेही ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी, हे ड्युटीवरच्या डॉक्टरला आठवण करून द्यायला लाजू नका. जवळ काही सोय माहीत नसेल तर १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी नंबर आहे, मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, दोन्ही फुकट.

उपासाचंच म्हणाल तर बायबलमधला एलिया संदेष्टा आठवा. रतामाच्या झुडपाखाली जाऊन पडला, म्हणाला पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला उपास सांगितला का? उपदेश केला का? झोपू दिलं. मग दूताने हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, खा म्हणाला. खाऊन तो परत झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं. देवाचं बोलणं बरंच पुढे, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोचल्यावर. मी डिटॉक्सच्या, म्हणजे अंगातली दारू उतरवायच्या, वॉर्डमध्ये नातेवाइकांना हा उतारा वाचून दाखवतो, पहिला आठवडा फक्त भाकर, पाणी आणि झोप, शास्त्र नंतर उघडू.

आता साक्षीकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या भावाच्या बाबतीत खरा घात तिथे झालाय, आणि मी हे बोलतोय कारण माझ्या बाबतीतही तोच झाला होता.

मी नगरकडचा, आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात नगरच येतं. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. मी मात्र विशीतच देशीवर. संत्रा, हातभट्टी, मिळेल ते. मला बंद करून आता २६ वर्षं झाली, समुपदेशक म्हणून काम करतो त्याला २२. पण त्या २६ च्या आधी एक खोटी सुरुवात झाली होती. पहिल्यांदा सोडली तेव्हा चाळिसाव्या दिवशी मला चर्चमध्ये उभं केलं. चाळीस हा आकडा बायबलमधला, लोकांना फार आवडला. आई पुढच्या बाकावर डोळ्याला पदर लावून. मी बोललो चांगलं, खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. त्यानंतर शेजारच्या दोन गावांच्या मंडळ्यांनी बोलावलं, तिथेही बोललो, तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की मी आता ठराविक ठिकाणी थांबतोय, ठराविक ठिकाणी गळा दाटतोय, म्हणजे पाठ झालंय.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी, कारण काही नाही, कोणाशी भांडण नाही, क्वार्टर घेतली आणि एसटी स्टँडच्या मागे चिंचेखाली उभ्याने पिऊन टाकली. चकणा नाही, पाणी नाही. प्यायल्यावर पहिला विचार काय आला सांगू? आता हे सांगायचं कोणाला. कारण तीन मंडळ्यांसाठी मी बरा झालेला माणूस होतो. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलं तर त्यांची फजिती, आईला सांगितलं तर ती मरेल, देवाला सांगायचं तर त्याच्याच नावाने मी माईकवर बोललेलो. त्या एका क्वार्टरने मला पाडलं नसतं. पण मी ती लपवली, आणि लपवायला दुसरी लागली, मग पुढची दीड वर्षं गेली.

तुमचा भाऊ पण बघा, कबरीवरून आल्यावर त्याला तल्लफ आली असणार तेव्हा तो कोणाला फोन करू शकत होता? ज्याला-ज्याला करू शकला असता ते सगळे फेब्रुवारीत टाळ्या वाजवत होते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि ह्यावरून माझे काही पाळकांशी खटके उडालेले आहेत, की व्यसनातून आलेल्या माणसाला किमान दोन वर्षं स्टेजवर चढवू नये. साक्ष खोटी असते म्हणून नाही. ती खरी असते, पण ताजी असते, ओल्या सिमेंटवर पाय दिल्यासारखं होतं. तुमच्या भावाचे ते सात महिने भास नव्हते. बारा वर्षं रोज पिणारा सात महिने प्यायला नाही, हे घडलेलं आहे, ते कोणी पुसू शकत नाही. फक्त ती सुरुवात होती आणि लोकांनी तिला शेवट समजून फोटो काढला.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देतो. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा गेला, पदरात लहान मुलगी. एवढं सगळं पंचविशीच्या आत. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ मध्ये त्यांनी स्वतःची साक्ष छापली तिच्यात त्या सरळ सांगतात की बाप्तिस्मा झाला तेव्हा मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे बाप्तिस्म्यापासून लिखित साक्षीपर्यंत २४ वर्षं. एवढी हुशार, एवढी शास्त्रं तोंडपाठ असलेली बाई एवढा वेळ घेते आणि आपण मात्र आठवड्यात माईक हातात देतो.

आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका होत्या, त्यांनी काय-काय बघितलं-भोगलं असेल ते आपण आज ट्रॉमा म्हणतो, तेव्हा तो शब्द नव्हता. रमाबाईंनी त्यांना प्रार्थना दिलीच, पण सोबत शाळा दिली, शेती, विणकाम, गाईगुरं, छापखाना दिला. उठायची वेळ, जेवायची वेळ, हातात काम. माझ्या पेशंटला मी हेच देतो, फक्त छापखान्याऐवजी आता कोणी डिलिव्हरीची गाडी चालवतो, कोणी गॅरेजला जातो.

मग विश्वास नेमकं करतो काय, हा तुमचा मूळ प्रश्न. माझ्या अनुभवात विश्वासाने तहान जात नाही. म्हणजे काहींची जाते, एका रात्रीत जाते, मी असे दोन-तीन लोक स्वतः ओळखतो, नाकारत नाही. पण ज्यांची जात नाही ते शेकड्याने आहेत आणि त्यांचा विश्वास कमी असतो असं मला कधीच दिसलं नाही. विश्वासाने जे होतं ते वेगळं आहे. माणसाला खरं बोलायला एक जागा मिळते जिथून त्याला हाकलणार नाहीत. दारूपेक्षा लाज जास्त मारते, आणि लाजेला उतारा म्हणजे कोणीतरी आपलं सगळं ऐकून परत चहा विचारणं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दीड वर्षानंतर मी ज्या म्हाताऱ्या पाळकांकडे गेलो, ते रिटायर झालेले होते, दोन खोल्यांचं घर. मी दारातच म्हणालो, साहेब मी पितोय, बंद झालीच नव्हती. ते स्टोव्हला पिन मारत होते. वर न बघता म्हणाले, बस, चहा टाकतो. मला वाटलं आता प्रार्थना करतील, डोक्यावर हात ठेवतील, काही नाही. चहा झाला. बशीत ओतून प्यायलो कारण कप धरवत नव्हता. मग म्हणाले, बुधवारी परत ये, प्यायलेला असलास तरी ये. बास. मी बुधवारी प्यायलेलाच गेलो. त्यांनी परत चहा टाकला. असे सहा-सात बुधवार गेले, मग एक दिवस तेच मला बरोबर घेऊन दवाखान्यात ॲडमिट करायला आले, एसटीत मला खिडकीशी बसवलं आणि उलटीसाठी पिशवी घेऊन शेजारी बसले. मला कृपा म्हटलं की ती पिशवी आठवते.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो, भावालाही सांगा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ज्याच्या मीटिंगा आता महाराष्ट्रात मराठीतून पण होतात, ती अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. बिल नावाचा एक शेअर बाजारातला माणूस, पाचेक महिने दारू बंद, ॲक्रन नावाच्या गावात धंद्याच्या कामाने गेला, सौदा फिसकटला, हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचा आवाज. त्याला कळलं की आता आपण आत जाणार. तिथे भिंतीवर चर्चची यादी होती, त्याने फोन लावला, आणि मागितलं काय तर दुसरा कोणी दारुडा आहे का इथे ज्याच्याशी मला बोलता येईल. फिरत-फिरत त्याला डॉक्टर बॉब भेटले, सर्जन होते, पक्के दारुडे. दोघेही त्या वेळच्या ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आलेले, चुका कबूल करा, भरपाई करा, रोज शांत बसून देवाचं ऐका, हे तिथलंच, पुढे एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडायच्या बारा टप्प्यांत, आलं. आता मुद्दा ऐका. बिल भेटल्यावर बॉबनी सोडली आणि काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला जाऊन परत प्यायले, चांगले झिंगून परत आले. कोणी त्यांना विश्वास कमी पडला म्हटलं नाही. परत उभे राहिले, १० जून १९३५ ही त्यांची शेवटची दारू, आणि ती तारीख एएचा जन्मदिवस म्हणून जगभर पाळतात. रिलॅप्सनंतरचा, म्हणजे परत प्यायल्यानंतरचा, दिवस आहे तो! मी पेशंटला हे सांगितलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

आपल्याकडेही फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः अय्यंगार गुरुजींचे शिष्य, त्यामुळे बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं. काही ख्रिस्ती लोक त्यावर नाक मुरडतात, मुरडू दे, अंगात साठलेली भीती नुसत्या बोलण्याने निघत नाही, श्वास आणि पाठीचा कणा पण लागतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, ते धर्माचं नाही पण माझे कितीतरी ख्रिस्ती पेशंट तिथून बरे झालेत, विश्वास शाबूत ठेवून. जिथे नीट उपचार मिळतील तिथे जा, चर्चचा बोर्ड बघत बसू नका.

आता बाप आणि पट्टा.

संबंध आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, फेलिटी आणि अँडा ह्यांचा, पुढे त्यात १७ हजारांवर लोकांची माहिती गोळा झाली. लहानपणी मार, अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारहाण असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांनी बघितले त्यांच्यात मोठेपणी दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न ह्यांचा धोका चारपट ते बारापट निघाला. मला ह्याचं नवल वाटलं नाही, रोज बघतो. एक पेशंट होता (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगतो), दिवसभर ठीक, रात्री साडेनऊ वाजले की प्यायला लागायचा, घड्याळ लावल्यासारखा. पत्नी म्हणायची नाटकं आहेत. बऱ्याच महिन्यांनी कळलं की लहानपणी बाप साडेनऊच्या सुमारास यायचा आणि लोखंडी फाटकाची कडी वाजायची. कडीच्या आवाजावरून पोराला कळायचं आज किती चढलीय. बाप जाऊन पंधरा वर्षं झाली, ते घर विकलं, पण साडेनऊला ह्याचे कान उभे राहायचेच, आणि ते कान झोपवायला दारू हे सगळ्यात स्वस्त औषध होतं. तुमचा भाऊ स्मरणदिनालाच घसरला ह्याच्याकडे ह्या दृष्टीने बघा. सगळे कबरीजवळ उभे राहून वडिलांचं चांगलं-चांगलं बोलले असणार, उदार होते, मंडळीसाठी झटले, आणि हा हातात फुलं घेऊन पाठीवरचे वळ आठवत उभा.

अशा माणसांसाठी प्रार्थनेची आपली नेहमीची पद्धतच कधी-कधी जड जाते, हे पाळकांना कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. डोळे मिटायचे, मान खाली घालायची, मागून एक वयस्क पुरुष येतो आणि डोक्यावर जोरात हात दाबून मोठ्याने बोलायला लागतो. मार खाल्लेल्या मुलाच्या अंगाला ह्यातलं सगळं ओळखीचं असतं, प्रार्थना सोडून. काही जण थरथरतात, पडतात, आणि लोकांना वाटतं आत्मा काम करतोय. करतही असेल, मी कोण सांगणारा, पण मी बऱ्याच जणांशी नंतर बोललोय आणि ते म्हणाले मी घाबरलो होतो, निसटायचं होतं. आमच्या गटात नियम आहे, विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही, डोळे उघडे ठेवले तरी चालतील, दार उघडं राहील.

दुसरं म्हणजे बाप हा शब्द. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना काही लोकांचा घसा आवळतो. एक जण मला म्हणाला, सर, एक बाप पुरे झाला, दुसरा नको. मी त्याला वर्षभर प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली नाही. मेंढपाळाचं स्तोत्र होतं, तेविसावं, ते तो म्हणायचा. आणि अठ्ठ्याऐंशीवं, जे मंडळीत कोणी वाचत नाही कारण ते अंधारातच संपतं, शेवटी काही चांगलं होत नाही, त्यात तक्रारच तक्रार आहे. ते वाचून तो म्हणाला हे बायबलमध्ये आहे? हो म्हटलं, आहे, छापलेलं आहे. तुमचा भाऊ म्हणतो ना देवाने मला सोडलं, त्याला गप्प करू नका. ते वाक्य वधस्तंभावर खुद्द प्रभूने म्हटलंय.

आणि कृपा करून त्याला एवढ्यात 'बापाला माफ कर' म्हणू नका. कोणीतरी म्हटलंच असेल, मला खात्री आहे. माफी ही ख्रिस्ती माणसाला टाळता येत नाही हे मला मान्य, पण जखम काय आहे हे त्याने कोणाला सांगायच्या आधीच त्याला माफ करायला लावलं की ती गप्प बसवायची युक्ती होते. आधी काय झालं ते सांगणं, मग त्याचा राग येणं, मग रडणं, माफी त्याच्या नंतर कुठेतरी, तिच्या वेळेने. आणि ते सांगणं एका माणसाला, बंद न केलेल्या दाराच्या खोलीत, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला. स्टेजवर नाही, घरातल्या बैठकीत नाही. तुम्ही लिहिलंय की होस्टेलवर पण त्याच्याशी काहीतरी झालंय असा संशय आहे. तुम्ही विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका, मध्ये बोलू नका, 'तुझी चूक नव्हती' एवढं म्हणा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या इयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री नुसते जमिनीवर बसून राहिले तोपर्यंत चांगले होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. आणि ही जखम उकरायचं काम दारू थांबून थोडं स्थिर झाल्यावरच, आधी नाही, नाहीतर ती आठवण त्याला थेट परमिट रूममध्ये नेऊन बसवेल. आघातासाठी म्हणून वेगळे उपचार आहेत, ईएमडीआर आहे (डोळ्यांच्या हालचाली वापरून आठवणींची धार कमी करणारी पद्धत), सीबीटीतली, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या उपचारातली, खास पद्धत आहे, पुण्या-मुंबईत करणारे मिळतात, ऑनलाइन पण मिळतात.

गोळ्यांबद्दल. प्रत्येक ख्रिस्ती दारुड्याला दोन वचनं पाठ असतात, एक काना गावातलं लग्न, जिथे प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि दुसरं पौलाने तीमथ्याला सांगितलेलं की पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. मी पण हे दोन्ही वापरलेत. पण तीमथ्याचं वचन नीट वाचलं तर काय आहे? एवढा मोठा प्रेषित, ज्याच्या हातून लोक बरे झाले, तो मुलासारख्या लाडक्या शिष्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यावर त्या काळचं औषध सांगतोय, विश्वास वाढव म्हणत नाहीये. आणि त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता. तेव्हा गोळ्या कचऱ्यात टाकायला बायबल सांगत नाही. तल्लफ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डॉक्टर लिव्हर बघून ठरवतील.

मात्र एक गोष्ट, डायसल्फिरामची गोळी चहात किंवा वरणात लपवून देऊ नका. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पावडर तर नकोच नको. डायसल्फिराम पोटात असताना तो प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं, माणूस दगावू शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोनेक आठवडे परिणाम राहतो. ती गोळी ज्याला माहीत आहे आणि ज्याने होकार दिलाय त्यालाच. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं पडलेल्या माणसालासुद्धा प्रभूने आधी विचारलं की बरं व्हायची इच्छा आहे का.

कोणी सांगेल अमुक ठिकाणी प्रार्थनागृह आहे, बांधून ठेवतात, महिन्यात नीट होतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, साखळीने बांधणं त्यात सरळ मना आहे, आणि असं केंद्र नोंदणीकृत आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बापाने पट्ट्याने मारलेल्या माणसाला देवाच्या नावाने बांधायचं, विचार करा.

बायबलमधल्या मेलेल्या लाजराची गोष्ट मला फार पटते. प्रभूने हाक मारून त्याला कबरेतून बाहेर काढलं, ते काम कोणाच्या बापाला जमलं नसतं. पण तो बाहेर आला तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी गुंडाळलेले होते, तोंडाला फडकं होतं. जिवंत होता पण चालता येत नव्हतं. आणि त्या पट्ट्या प्रभूने स्वतः सोडल्या नाहीत, आजूबाजूच्यांना म्हणाला ह्याला मोकळा करा. फेब्रुवारीत तुमच्या भावाच्या बाबतीत लोकांनी तो बाहेर आलेला बघितला, टाळ्या वाजवल्या आणि पट्ट्या तशाच ठेवून घरी गेले. आता ते सोडायचं काम आहे, कंटाळवाणं आहे, वास येणारं आहे.

व्यवहाराचं थोडं. पगार आणि यूपीआय सध्या त्याच्याच संमतीने तुमच्याकडे किंवा वहिनींकडे. चर्चला न्यायचं तर मागच्या बाकावर, दाराजवळ, मध्येच उठून जायची मोकळीक. प्रभुभोजनाला तुमच्या मंडळीत द्राक्षरस आहे का वाईन ते आधी पाळकांना विचारा, वाईन असेल तर नुसती भाकर घेतली तरी काही कमी होत नाही. कॅथलिक मंडळीत नुसता होस्ट, म्हणजे भाकरीची पातळ चकती, घेतात तेही पूर्ण समजतात. लग्नाच्या हळदी आणि नाताळानंतरचा आठवडा हे धोक्याचे दिवस. ३१ डिसेंबरला वर्षअखेरची उपासना असते ती त्याला फार उपयोगी पडेल, बारा वाजता नेमकं तो चर्चमध्ये असतो. एएची मीटिंग आठवड्यातून तीनदा तरी, पहिले नव्वद दिवस जमली तर रोज. पाळकसाहेबांना फक्त एक विनंती करा, त्याला भेटायला यावं आणि फेब्रुवारीचा विषय काढू नये.

आणि तुमचं काय ताई? तुम्ही लिहिलंय रात्री दार वाजेपर्यंत झोप येत नाही. म्हणजे त्या घरात आता तुमचे कान उभे असतात. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, एकदा जाऊन या, तो ॲडमिट व्हायला तयार झाला नाही तरी तुम्ही जा.

आता मला तीन गोष्टी कळवा. तो रोज साधारण किती पितो आणि सकाळी उठल्याउठल्या लागते का. आधी कधी फिट आलीय का. आणि सध्या तो कुठल्या खोलीत झोपतो, कारण तुमच्या बोलण्यावरून घर तेच जुनं दिसतंय, आणि वडिलांच्या खोलीत झोपत असेल तर आजच त्याची गादी बाहेरच्या खोलीत टाका.